परतीची तारीख

कुंभवलीच्या आमच्या घरी माझे वडील संध्याकाळी ओटीवर बसतात. तीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर लॅटिनच्या मागे लागले. त्या वेळेला तारापूर एमआयडीसीतली जनरल शिफ्ट सुटलेली असते आणि जेवणाचे डबे हातात घेतलेली माणसं नाक्याकडे चाललेली असतात. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझी आतेबहीण आली. ती एका कॉलेजात शिकवते, तिथल्या शिस्तपालन समितीवरही आहे. मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या मुलाने वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलांना रात्रभर उभं करून ठेवलं होतं. समितीने त्याला एका सत्रासाठी ‘रस्टिकेट’ केलं होतं. आदेश इंग्रजीत होता. मुलाच्या वडिलांना पाठवायची मराठी प्रत तिने लिहायची होती, आणि ती नेमकी त्या क्रियापदापाशी अडली होती. मामा-भाचीचं त्या संध्याकाळचं बोलणं मी ऐकलं तसं मांडतो आहे.

भाची : मामा, ‘रस्टिकेट’ला मराठीत काय लिहू? ‘काढून टाकलं’ लिहिलं तर चूक होते. ‘रस्टिकेट केलं’ असंच ठेवलं तर बापाला कळणार नाही.

मामा : आधी शब्द उघडून बघू. लॅटिनमध्ये ‘रूस’ म्हणजे शेतशिवार, गावाकडचा मोकळा भाग. त्यावरून ‘रुस्तिकुस’ म्हणजे गावाकडचा, आणि ‘रुस्तिकारी’ म्हणजे गावी जाऊन राहणं. इंग्रजीतले ‘रूरल’ आणि ‘रस्टिक’ याच घराण्यातले. सतराव्या शतकात इंग्रजीने ‘रस्टिकेट’ घेतलं. पुढे ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये त्याला दुसरा अर्थ चिकटला : विद्यार्थ्याला शिक्षा म्हणून काही काळ विद्यापीठाबाहेर, गावी धाडणं.

भाची : म्हणजे गाव हीच शिक्षा.

मामा : थांब बाय, इतकी घाई नको. मुळात ते सुखाचं क्रियापद होतं. सिसेरो रोमच्या राजकारणातून उठून तुस्कुलमच्या आपल्या बागेतल्या घरी जायचा. मुलगी गेल्यावर दुःखाने खचला, तेव्हाही तो गावाकडेच राहिला, आणि तिथे बसून त्याने जो ग्रंथ लिहिला त्याला त्या गावाचं नाव पडलं. रोमन विद्वान व्हारो ऐंशीच्या घरात पोचला होता तेव्हा, इसवी सनापूर्वी ३७ साली, त्याने शेतीवर तीन खंड लिहिले. तेही आपण आत्ता बोलतोय तसेच, संवादांच्या रूपात. होरेस या कवीला सबाइन डोंगरातली छोटी शेतीवाडी मिळाली आणि ती तो आयुष्यभर मिरवत राहिला. शहरी उंदीर आणि गावचा उंदीर ही गोष्ट त्याने सांगितली तीही गावच्या बाजूने. या लोकांना ‘रुस्तिकारी’ म्हणजे दोन श्वास मोकळे घेणं वाटायचं.

भाची : ते मालक होते म्हणून. त्या शेतांत राबत कोण होतं?

मामा : गुलाम. हे तर मी लपवणार नाही. व्हारोने शेतीच्या साधनांचे तीन प्रकार सांगितलेत : मुकी साधनं म्हणजे गाड्या, अर्धवट आवाजाची म्हणजे बैल, आणि बोलणारी साधनं म्हणजे गुलाम.

भाची : बघा! एकाच शिवारात मालकाला विसावा आणि गुलामाला कष्ट.

मामा : अजून एक तुझ्या बाजूचं सांगतो. रोममध्ये घरकामाच्या गुलामाला शेतावर धाडणं ही शिक्षाच समजली जायची. होरेसचा दावुस नावाचा गुलाम मालकाला चार खरे बोल सुनावतो, तेव्हा होरेस त्याला धमकावतो की, गप्प बसला नाहीस तर सबाइन शेतावर नववा मजूर म्हणून पाठवीन. तेव्हा शिक्षेचा अर्थ ऑक्सफर्डच्या मास्तरांनी शोधून काढला, असंही म्हणता येत नाही. त्याचं बी आधीपासून होतं.

भाची : मग मी म्हणते तेच खरं. शहराच्या भाषेने गावाकडे नेहमी वरून खाली पाहिलं. ‘व्हिलन’ कुठून आला?

मामा : ‘व्हिला’वरून. जमीनदाराच्या वाडीवर राबणारा, तो व्हिलन. ‘पेगन’ म्हणजे मुळात ‘पागुस’मधला, खेड्याच्या टापूतला माणूस. आणि ‘सॅव्हेज’ हा ‘सिल्वा’, म्हणजे जंगल, यावरून.

भाची : शेतमजूर झाला खलनायक, खेडूत झाला धर्महीन, रानातला झाला रानटी. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? गावंढळ, खेडवळ, जंगली. मम्मटाने काव्यातले दोष मोजले त्यात ‘ग्राम्य’ हा एक दोष आहे. वात्स्यायनाचा रसिक पुरुष तो ‘नागरक’. मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या वर्गात पाड्यावरून येणारा मुलगा ‘व्हय’ म्हणाला की मागचा बाक हसायचा. तसाच एक मुलगा आज चुकला, आणि आम्ही त्याला ज्या शब्दाने शिक्षा देतोय त्याचा अर्थच ‘जा गावी परत’ असा आहे. मामा, हे मला लिहवत नाही.

मामा : तुझा राग खरा आहे. पण शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. तू कोण आहेस कायद्याने?

भाची : म्हणजे?

मामा : भारताची नागरिक. मूळ बघ : नगरात राहतो तो नागरिक. मनोरच्या पाड्यावरचा माणूसही आज नागरिक, कुंभवलीतला मीही नागरिक. हा शब्द वापरताना कुणाच्या मनात शहर येत नाही. शब्द मुळाच्या बाहेर वाढतात. ‘गावठी’ बघ. एके काळी गावठी म्हणजे कमी प्रतीचं. आज बोईसरच्या बाजारात गावठी अंड्याला जास्त पैसे मोजतात.

भाची : अंड्याला मोजतात. गावठी माणसाला मोजतात का?

(मामा थोडा वेळ बोलले नाहीत. रस्त्यावरून कंपनीची बस गेली.)

मामा : नाही मोजत. पण मग शब्द टाकून काय होईल? ‘निलंबित’ लिहिशील? चौकशी चालू असताना ज्याला तात्पुरतं बाजूला ठेवतात तो निलंबित. इथे चौकशी संपली आहे, शिक्षा ठरली आहे. ‘निष्कासित’ लिहिशील? ते तर कायमचं बाहेर. रस्टिकेटमध्ये जी नेमकी गोष्ट आहे, ती या दोन्हीत नाही.

भाची : कुठली?

मामा : परतणं. रस्टिकेट केलेला मुलगा परत येतो, हे त्या शिक्षेतच गृहीत आहे. कवी जॉन मिल्टनचं बघ. १६२६ च्या सुमाराला केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात त्याचं विल्यम चॅपेल या शिक्षकाशी बिनसलं आणि त्याला काही काळ घरी जावं लागलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. त्याचं घर होतं लंडनला. शिक्षा म्हणून ज्याला बाहेर धाडलं, तो गेला इंग्लंडच्या सगळ्यात मोठ्या शहरात! तिथून त्याने मित्राला लॅटिन पद्यात पत्र लिहिलं आणि हा वनवास आपल्याला गोड लागतोय असं कळवलं. परत आला, दुसऱ्या शिक्षकाकडे शिकला, १६२९ ला पदवी घेतली. ऑस्कर वाइल्ड १८७७ साली आपल्या जुन्या प्राध्यापकाबरोबर ग्रीस बघायला गेला आणि सत्र सुरू झाल्यावर उशिरा उगवला. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजने त्याला रस्टिकेट केलं, वर दंड लावला. दुसऱ्या वर्षी त्याने पहिला वर्ग मिळवला आणि विद्यापीठाचं कवितेचं बक्षीसही. आता तर ऑक्सफर्डची मुलं आजारपणामुळे वर्षभर विश्रांती घेतली तरी ‘मी रस्टिकेट केलंय’ म्हणतात. तिथे शब्दातला डंख जवळजवळ गेलाच आहे.

भाची : मामा, तुमचे दोन्ही मुलगे ज्या घरी परतले ते घर कसलं होतं? मिल्टनच्या बापाकडे लंडनमध्ये पैसा होता, घरात पुस्तकं होती. वाइल्डचे वडील डब्लिनचे नावाजलेले डॉक्टर होते. त्यांना मोकळा वेळ मिळाला म्हणजे वाचायला वेळ मिळाला. या मुलाला सहा महिने मिळाले की पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराचा फोन येईल. एमआयडीसीचं गेट पाड्यापासून लांब नाही. एकदा हातात रोज आला, घरात त्या रोजाची सवय झाली, की सहा महिन्यांनी कॉलेजात परत कोण पाठवील? शिक्षा कागदावर सारखी असते, तिचं वजन घराप्रमाणे बदलतं.

मामा : हे तू अंदाजाने बोलतेस की पाहिलं आहेस?

भाची : पाहिलं आहे. म्हणून तर अडलेय. आधी एका मुलाला असंच एका सत्रासाठी बाहेर ठेवलं होतं. घरी इंग्रजी पत्र गेलं. बापाने शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं. त्याने सांगितलं, ‘रस्टिकेट केलंय, म्हणजे हाकललंय.’ पत्रात ‘एका सत्रासाठी’ हे शब्द होते, पण तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही. सत्र संपलं, आम्ही वाट पाहिली, मुलगा आला नाही. पुढे मला तो एका कारखान्याच्या दाराशी पिंप उतरवताना भेटला. म्हणाला, ‘मॅडम, मला तर तुम्ही काढलं होतं ना?’ तेव्हा मला काय बोलावं कळेना.

मामा : (हळू आवाजात) शाळेत मीही हा शब्द वापरला आहे. ‘नीट वागा, नाहीतर रस्टिकेट करीन’ असं दरडावायचो. मुलांनी त्याचा अर्थ ‘कायमचं’ असाच घेतला असणार. मी कधी फोड करून सांगितली नाही.

भाची : बहुतेकांच्या कानावर तो तसाच पडतो. आणि नियमात तर भेद स्वच्छ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत शिक्षांची यादी दिली आहे. वर्गात बसू न देणं वेगळं, निकाल रोखून धरणं वेगळं, प्रवेश रद्द करणं वेगळं. रस्टिकेशन एक ते चार सत्रांपर्यंत. आणि संस्थेतून काढून टाकून दुसरीकडेही प्रवेश मिळू न देणं, ही अगदी निराळी शिक्षा. आपल्या राज्याचा १९९९ चा रॅगिंगबंदीचा कायदा आहे, त्याखाली कोर्टात गुन्हा शाबीत झाला तर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या संस्थेत प्रवेश नाही. हा सगळा फरक घरी गेलेल्या एका परक्या शब्दात बुडून जातो.

मामा : मग शब्द टाकून चालणार नाही, फरक उघडा करायला हवा. आपल्या भाषेत ही मोजमापं आहेत की. रामाला वनवास झाला तो चौदा वर्षांचा. पांडवांना बारा वर्षं, वर एक वर्ष अज्ञातवास. शिक्षा सांगितली त्याच क्षणी परतीचं वर्ष ठरलेलं होतं. भरताने पादुका सिंहासनावर ठेवल्या त्या कशासाठी? जागा राखायला. ज्याला परत यायचं आहे, त्याची जागा कुणीतरी राखावी लागते.

भाची : आणि ‘तडीपार’ला?

मामा : त्यालाही मुदत आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याप्रमाणे दोन वर्षांहून जास्त काळ तडीपार करता येत नाही. मुदत नसलेली शिक्षा आपल्याकडे एकच होती : वाळीत टाकणं. पाणी बंद, बोलणं बंद, लग्नकार्य बंद, आणि कधीपर्यंत ते कुणी सांगत नसे. म्हणूनच ती सगळ्यात क्रूर. २०१७ पासून आपल्या राज्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे.

भाची : तारीख न सांगता पोराला घरी धाडलं, तर आम्ही त्याला रस्टिकेट केलं नाही, वाळीत टाकलं. मामा, आता मला नेमकं कळलं, मी कशावर अडले होते.

मामा : गावाचं काय मग? तो डंख गेला का?

भाची : नाही गेला. गाव म्हणजे धाडायची जागा, हे मला अजूनही पटत नाही. आणि आपल्या या टापूत तर नाहीच. मुंबईत सगळं होतं ते सोडून बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ ला बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना नावं ठेवली नाहीत, बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी जन्मली ती अशी. १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर अनुताईंनी पाहिलं की मोठी मुलं गुरं घेऊन कुरणात जातात. मग कुरणातच शाळा भरवली. कुरणशाळा! तुमचं ‘रुस्तिकारी’ हेच ना? शेतशिवारात जाऊन राहणं?

मामा : (उठून बसत) हेच. आणि सिसेरोपेक्षा खरं. तो विसाव्याला गेला, या शिकवायला गेल्या. बाय, ताराबाईंनी आणि अनुताईंनी शाळेलाच रस्टिकेट केलं! त्या क्रियापदाचा इतका सुंदर उपयोग मी कुठल्या कोशात पाहिला नाही.

भाची : मग तेवढं तरी आम्ही करू शकतो. मुलगा सहा महिने कॉलेजात येणार नाही, पण त्याचा एक शिक्षक महिन्यातून एकदा त्याच्या पाड्यावर जाऊ शकतो. अभ्यासाची टिपणं देऊ शकतो. ठेकेदाराच्या आधी आमचा फोन जाऊ शकतो.

मामा : आणि ज्या पोरांना त्याने रात्रभर उभं केलं, त्यांचं?

भाची : त्यांचा विसर पडू द्यायचा नाही. ती पहिल्या वर्षाची मुलंही लांबच्या पाड्यांवरूनच आली आहेत. त्यांनी त्या रात्री घरी परत जायचं ठरवलं असतं तर? म्हणून शिक्षा पुरी सहा महिने राहील, एक दिवस कमी नाही. परत येताना त्या मुलांसमोर माफी मागायची, ही अट असेल. शिक्षा सौम्य करा असं मी म्हणतच नाहीये. ती बापाला स्पष्ट कळावी एवढंच म्हणतेय.

मामा : लिही तर. मी सांगतो, तू काट मार.

त्या दोघांनी मिळून जो मजकूर केला, त्यात तिने त्यांची तीन जड वाक्यं खोडली आणि त्यांनी तिचं एक. शेवटी कागदावर उरलं ते असं :

‘तुमच्या मुलाने वसतिगृहातल्या लहान मुलांना त्रास दिला, म्हणून त्याला एका सत्रासाठी कॉलेजात येण्याची मनाई केली आहे. इंग्रजी आदेशात याला रस्टिकेट असं म्हटलं आहे. त्याला कायमचं काढलेलं नाही. त्याचा प्रवेश रद्द झालेला नाही. पुढच्या सत्राच्या पहिल्या दिवशी त्याने वर्गात हजर राहायचं आहे. ती तारीख खाली मोठ्या अक्षरात लिहिली आहे. दरम्यान आमचे एक शिक्षक दर महिन्याला तुमच्याकडे येतील. त्याला या काळात कायमच्या कामावर लावू नका. त्याची जागा आम्ही राखून ठेवली आहे.’

शेवटचं वाक्य कुणाचं, हे मी विचारलं नाही. पण ते लिहिताना माझ्या वडिलांनी चष्मा काढून पुसला.

आदेशाला जोडून ही प्रत गेली. त्यातला इंग्रजी शब्द तसाच राहिला, कारण विनियमात तोच आहे आणि मुलाला पुढे त्याच कागदाच्या आधारे आपला हक्क मागावा लागेल. पण त्याच्या शेजारी मराठीत अर्थ उभा राहिला. मला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं. शब्दाचं मूळ जाणल्याशिवाय भाचीचा राग नेमका झाला नसता. आणि तो राग नसता तर मामांचं लॅटिन पुस्तकातच राहिलं असतं. मूळ हे अर्थाचा मालक नसतं, हे मामांचं म्हणणं मला मान्य आहे. पण ज्याच्यावर शब्द पडतो त्याला तो कळला नाही, तर त्याचा अर्थ भीतीच ठरवते, हे भाचीने दाखवून दिलं.

कॉलेजांच्या समित्यांवर बसणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : शिक्षेचा कागद घरच्या भाषेत लिहा, आणि त्यात परतीची तारीख ठळक अक्षरात घाला. आणि ज्या आई-बापांच्या हाती असा कागद येईल त्यांना सांगणं आहे की, ‘रस्टिकेट’ म्हणजे हाकललं नव्हे. रस्टिकेशनला मुदत असते. कागद घेऊन कॉलेजात जा आणि एकच प्रश्न विचारा : माझ्या मुलाने परत कधी यायचं?